साफ केलेली टेकडी

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चेअरमन, सेक्रेटरी आणि आम्ही अकरा सभासद हजर असताना, सोसायटीने मागची टेकडी साफ करायला अठरा हजार रुपये मंजूर केले. टेकडी वनखात्याची, संरक्षित. तिथलं झाड तोडायची सोय नाही, पण गवताला आणि पालापाचोळ्याला कोण विचारतो?

माझं घर तळमजल्यावर, टेकडीच्या पायथ्याला लागून. मी म्हटलं, "त्या पाचोळ्यातच पाणी मुरतं. तो काढलात तर सरळ माझ्या स्वयंपाकघरात येईल."

"काका, टेन्शन नका घेऊ," चौथ्या मजल्यावर राहणारा सेक्रेटरी म्हणाला. "पाणी आलंच, तर वर आमच्याकडे चहाला या."

सगळे हसले.

ठेकेदाराच्या माणसांनी उतार खरवडून काढला. फोटो निघाले. जुलैत एका दुपारी मागच्या दारातून लाल चिखल आत आला आणि ओट्याखालचे वर्षाचे तांदूळ बुडाले. त्याआधी सोळा पावसाळे भिंतीला नुसती ओल यायची.

मी भरपाई मागितली. सेक्रेटरी म्हणाला, "काका, पाऊस काय सोसायटीने पाडला?"

गटारात बसलेली माती काढायला मात्र सहा हजार मंजूर झाले. ते मिळाले त्याच ठेकेदाराला.