गौरीचा हात

चैत्र लागला की फ्रीगंज मोहल्ल्यातल्या वासंतीबाईंच्या ओट्यासमोरून जाणारा माणूस दोन घटका थांबायचाच. गेरूने सारवलेल्या ओट्यावर रोज सकाळी चैत्रांगण असे. मध्ये मखरात गौर आणि तिची सखी, भोवती सूर्य-चंद्र, कासव, नाग, तुळस, गोपद्मं, फणी-करंडा. गौर झोपाळ्यात बसली की अक्षय्य तृतीयेला उठेपर्यंत एक दिवस खंड नाही. बाई बोलायला मुलखाच्या कंजूष. बँकेतून रिटायर झाल्या तेव्हा निरोपाच्या समारंभातही दोनच वाक्यं बोलल्या. चिमटीत रांगोळी आली की मात्र त्यांचा हात थांबत नसे.

यंदा त्या हातानेच घात केला.

होळीच्या सुमारास अंघोळ करताना त्यांच्या बोटांना डाव्या काखेखाली गाठ लागली. सुपारीएवढी. दुखत नव्हती, आणि दुखत नव्हती याचीच जास्त भीती वाटली. त्यांची धाकटी बहीण सुलभा अशाच न दुखणाऱ्या गाठीने गेली होती. नवऱ्याला, प्रभाकररावांना सांगावं, तर त्यांची बायपास झालेली. सून अपूर्वाला सांगावं, तर जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटी बाईंनी मनाशी ठरवून टाकलं: गौर माहेरी आली आहे तोवर घरात दवाखान्याचं नाव काढायचं नाही. ती उठली की बघू. आता याला काय म्हणावं! गाठ काय पंचांग बघून वाढते?

रात्री झोप नाही, ताटातली पोळी अर्धी तशीच उरते, आणि वर सगळ्यांशी हसून बोलायचं. दिवसातून दहादा हात काखेखाली जायचा. वाढली का? तेवढीच आहे का? कालच्यापेक्षा कडक लागतेय का?

हळदीकुंकवाला बायका जमल्या. आंब्याची डाळ झाली, कैरीचं पन्हं झालं. शेजारच्या विनोदिनीबाई ओट्याशीच अडल्या.

"वासंतीवहिनी, यंदा गौरीने हात असा का हो धरलाय? एकदम काखेत! तबियत तर ठीक आहे ना तिची?"

बायका हसल्या. वासंतीबाईंनी वाकून पाहिलं. गौरीचे हात सरळ खाली सोडलेले असतात. त्यांच्या आईने तसेच शिकवले होते. आणि ही गौर उजवा हात डाव्या काखेखाली दाबून उभी होती. कालही अशीच काढली होती का? परवाही?

"जगह कमी पडली," एवढं बोलून त्या आत पळाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या हट्टाने बसल्या. आज हात सरळच काढायचा. रेघ खांद्यावरून निघाली आणि वळून पुन्हा तिथेच गेली. त्यांनी ती पुसली, परत काढली. परत तेच. डोळ्यांतलं पाणी गेरूवर पडून ठिपके उमटले. मागे अपूर्वा चहाचा कप घेऊन केव्हाची उभी होती, ते त्यांना कळलंच नाही.

"आई, सच सांगा. काय झालंय?"

"कुठे काय?"

"गौरीने हात धरलाय तिथे."

वासंतीबाईंचा बांध फुटला. "होळीपासून आहे गं. सुलभासारखीच. मला फार भीती वाटते. पण गौर उठू दे, मग जाऊ. तोवर ह्यांना नको सांगूस."

अपूर्वा त्यांच्याशेजारी गेरूवरच बसली. "गौर बसू दे की आरामात. तिला काय घाई आहे? आपण आजच जाऊ. बाबांना मी सांगते."

टावर चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बताइए अम्मा, तकलीफ कहाँ है?" वासंतीबाईंचा हात आपसूक त्या जागी गेला आणि घट्ट बसला.

"हाथ हटाइए, तभी तो देखूँगी."

हात हटेना. मग अपूर्वाने सासूची बोटं एकेक करून सोडवली आणि तो गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"देखिए," वासंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.