उपग्रहाची गोधडी

नोकरी लागली हे घरी कसं सांगावं, याचाच मला प्रश्न पडला होता. पदवी भौतिकशास्त्रातली, आणि काम मिळालं ते शिवणयंत्रावरचं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातली कात्री खाली ठेवून विचारलं, "कुणाचे कपडे?" मी म्हटलं, "उपग्रहाचे." त्यांनी कात्री पुन्हा उचलली. मग म्हणाले, "सरी, ठीक. गिऱ्हाईक ट्रायलला यायचं नाही तर. माप नीट घे गे." आणि पुन्हा कापायला लागले.

आमचं घराणं शिंप्याचं. बेंगळूरच्या पेटेत, जुन्या बाजारात, इतक्या पिढ्या गेल्या की मूळ गाव कुठलं असं विचारलं तर घरातलं प्रत्येक माणूस वेगळं गाव सांगे. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि गिऱ्हाइकाशी भांडण दोन्हींत. कॉलेजात असतानाही संध्याकाळी मी दुकानात काज-बटणं करायची. आमच्यात कापड रेषेवर कापत नाहीत. शिवणीच्या आत चांगली बोटभर माया, म्हणजे जादा कापड, सोडायची, ती दुमडायची आणि वरून दाबून शिलाई मारायची. पोरी वाढतात, जावई सुटतात, तेव्हा आतून कापड काढता आलं पाहिजे. युगादीला नवा परकर यायच्या आधी जुना उसवून सैल व्हायचा, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. माया न सोडणाऱ्या शिंप्याला अण्णा सरळ चोर म्हणत.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. देशाकडे परकीय चलनाची चणचण, पेपर उघडला की तेच. सरकारी खर्चाला कात्री लागली, तशी ती अंतराळाच्या कामालाही लागली. उन्हापासून आणि गारठ्यापासून उपग्रहाला वाचवणारी आवरणं तोवर बाहेरच्या देशातून तयार येत. ती परवडेनाशी झाली. मग ठरलं की फिल्म तेवढी मागवायची आणि शिवायचं इथेच. त्यासाठी दोन बायका हंगामी नेमल्या. एक मी. दुसरी निपाणीकडची, वयानं माझ्याहून बरीच मोठी, पुष्कळ वर्षं शिवणक्लास चालवलेली. तिला मी पहिल्या दिवसापासून अक्का म्हणत आले. कपातीत सगळ्यांच्या नोकऱ्या जातात, माझी लागली, असं मी मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

इंदिरानगरच्या पुढे, मोठ्या आवारातल्या एका टोकाच्या इमारतीत आमची खोली होती. केसांवर टोपी, हातांत पांढरे मोजे, आणि बोलायचं ते तोंड बाजूला वळवून. फिल्म म्हणजे चांदीसारखा चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा, श्वास जोरात सोडला तरी उडणारा. तिचे एकावर एक थर, आणि दोन थरांच्या मध्ये नवरीच्या ओढणीला लावतात तशी जाळी. हे थर एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, एवढा एकच धडा आमच्या साहेबांनी आम्हाला दिला होता. थर टेकले की उष्णता एकातून दुसऱ्यात जाते आणि आवरण असून नसल्यासारखं. साहेब मंड्याकडचे, सरळ माणूस, आमच्याशी कन्नडमध्ये बोलत. कागदावर त्या वस्तूला लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही दोघी तिला गोधडी म्हणायचो.

पहिली गोधडी अर्धी झाली आणि दुसरी कपात आली. साहेब खोलीत आले, स्टूल ओढून बसले, आणि त्यांनी काहीही लपवलं नाही. "नोडम्मा, हे बघ," ते मला म्हणाले, "मार्चअखेर हंगामी माणसं काढायला सांगितलंय. पुढच्या उपग्रहाचंही नक्की नाही. ही गोधडी चाचणीत उतरली तर मी तुमच्यासाठी भांडू शकतो. नाही उतरली तर जुनी परदेशी आवरणं दुरुस्त करून वापरायची आणि या खोलीला कुलूप." अक्कानं सुईत दोरा ओवायला घेतला. मला मात्र संताप आला. मला पुन्हा पेटेत जाऊन काज-बटणं करायची नव्हती. एवढं सगळं शिकून मी वर आभाळात जाणारी एक वस्तू हातात धरली होती, आणि ती कुणीतरी दिल्लीत बसून काढून घेणार होतं.

मग आम्ही जीव ओतून शिवलं. जीव ओतला की हात आपल्या जुन्या सवयीवर जातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मधले थर आम्ही अगदी सैल ठेवले, एकाला दुसरा टेकू दिला नाही. पण कडेला आलो आणि दोघींतल्या शिंपिणी जाग्या झाल्या. चौफेर बोटभर माया सोडली, आत दुमडली, वरून दुहेरी शिलाई मारली. शाळेच्या गणवेशालासुद्धा अशी शिलाई कुणी मारत नसेल. साहेबांनी कड ओढून पाहिली आणि खूष होऊन म्हणाले, "मजबूत आहे!" ते विज्ञानाचे डॉक्टर, मी भौतिकशास्त्राची पदवीधर, आणि दुमडलेल्या कडेला सगळे थर एकमेकांवर घट्ट दाबले गेलेत हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

ते चाचणीच्या टाकीला कळलं. पोलादी टाकी, आतली सगळी हवा काढून घेतलेली, भिंती द्रवरूप नायट्रोजननं गारठवलेल्या. बाहेर कागदावर पेनं तापमानाच्या रेघा उमटवत होती. मधल्या भागाच्या रेघा सरळ, कडेच्या सगळ्या उतरत चाललेल्या. साहेब कडेच्या एका रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "कडेनं उष्णता पळतेय. शिवणीतून."

मी त्यांच्यावर ओरडले. सरकारी आवारात, चार लोकांसमोर, हंगामी बाईनं. "तुम्हीच तर मजबूत म्हणालात!" ते म्हणाले, "हो, म्हणालो." त्यांनी एवढं सरळ कबूल केल्यावर मला पुढे भांडायलाही जागा उरली नाही. मी खोलीत येऊन रडले. फिल्मचा रोल संपला होता, नवा येणार नव्हता, आणि चाचणीसाठीचा नायट्रोजन खात्यानं त्या एका वेळेपुरताच दिला होता.

अक्का मागून आली. तिनं गोधडी टेबलावर पसरली, टोपी घातली, मोजे चढवले. "आत कापड आहे की भरपूर," ती म्हणाली, "मग रडतीस कशाला? ऊठ, उसव."

आम्ही उसवायला घेतलं. जुन्या भोकांपाशी फिल्म चिरत होती. चिरलेली कड कापून टाकावी लागत होती, तरीही माप पुरत होतं, कारण आम्ही सोडलं होतं ते सगळं तिथेच होतं. रेषेवर कापलं असतं तर त्या दिवशी आमच्या हातात चिंध्या उरल्या असत्या. हे लक्षात आलं तेव्हा मला अक्काच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण मोजे घातलेले असल्यामुळे कुणाला शिवायची सोय नव्हती. या वेळी आम्ही कड दुमडलीच नाही. प्रत्येक थर खालच्याहून जरा मागे घेतला आणि लांब, सैल टाके घातले, नवीन सासुरवाशीण उंबऱ्यावर पाय टाकते तितक्या हलक्या हातानं. साहेब शेजारी उभे राहून नुसतं "स्वल्प सैल, स्वल्प सैल" म्हणत होते. अक्कानं त्यांना बाहेर काढलं.

पण पुन्हा टाकी कुठून मिळणार? साहेब शेजारच्या विभागात गेले. त्या विभागाचा एक बॅटरीचा डबा तपासायचा होता, त्याच्यासाठी टाकी चालू होणारच होती. साहेबांनी तिथे एक कोपरा मागितला. आपली वस्तू टाकीत एकटीच असावी याबाबत तो विभाग फार काटेकोर, पण त्या वर्षी सगळ्यांचेच हात बांधलेले होते, आणि अडलेली माणसं एकमेकांना जागा करून देतात. बॅटरीच्या डब्याशेजारी आमची गोधडी लटकली. कागदावर रेघा उमटू लागल्या. मी कडेच्या रेघांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि डोळे तिथेच लावून उभी होते. त्या सरळ निघाल्या. पेन पुढे सरकत राहिलं आणि त्या सरळच राहिल्या. अक्का "सरी" एवढंच म्हणाली आणि चहाला निघून गेली. मला इतका आनंद झाला की मी बॅटरीवाल्या अनोळखी माणसाचे दोनदा आभार मानले.

साहेब आमच्यासाठी भांडले असावेत. कुणाशी आणि काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मार्च संपत आला तरी आम्हाला काहीच कळलं नव्हतं. मी डबा, चप्पल, टोपीच्या पिना, सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं, म्हणजे निघताना कुणासमोर आवराआवर करायला नको. एका सकाळी साहेब काखेत गुंडाळी घेऊन आले आणि त्यांनी ती आमच्या टेबलावर उलगडली. नव्या उपग्रहाचं चित्र होतं, पहिल्यापेक्षा मोठा, कोपरेच कोपरे.

"फिल्म?" अक्कानं विचारलं.

"मंजूर नाही अजून."

"आणि हा उपग्रह?"

"तोही नाही." साहेबांनी चित्राचा वळलेला कोपरा हातानं दाबून धरला. "पण मंजूर होईल तेव्हा शिवणारी माणसं कुठून आणू? तुम्हा दोघींना मुदतवाढ मिळाली आहे. थोडीच आहे. तेवढ्यात जे होईल ते करू."

अक्कानं चित्रावरून बोट फिरवत कोपरे पाहिले. मग कपाटामागे पडलेले, यंत्रांच्या खोक्यांवरचे खाकी कागद ओढून काढले आणि झटकले. मी पेन्सिलीनं आखायला घेतलं, ती कापत गेली. दुपारच्या चहाच्या आत, अजून मंजूर न झालेल्या त्या उपग्रहाच्या गोधडीची एक पूर्ण बाजू आमच्या टेबलावर कागदात कापून तयार होती.