पाणचक्कीवर भेटलेली शमीममावशी

"शमीमनं बोलावलंय, पाणचक्कीवर," आईनं फोन ठेवत सांगितलं आणि मी ऑफिसात रजा टाकली. शमीममावशी म्हणजे छत्रपती संभाजीनगरातली आईची कॉलेजची मैत्रीण. लग्न होऊन आई पुण्याला आली, मावशी आखातात गेली, आणि गाठभेट राहिली ती राहिलीच. आता मावशी परत गावी आली होती.

पुण्याहून पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाआधी पोचता. रस्ता बरा आहे, नगरजवळ तेवढी गर्दी लागते. वाटेत आई अखंड बोलत होती. शहरात शिरलो आणि पर्समधला कंगवा काढून केस नीट करायला लागली.

पाणचक्की बसस्थानकापासून रिक्षानं जवळ, तिकीट किरकोळ. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथं यायचं, उंच भिंतीवरून हौदात कोसळायचं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ निघायचं. पावसाळा सरताना जा. आम्ही गेलो तेव्हा भिंतीवरून पाणी धो धो पडत होतं.

दाराशीच आई थबकली. "तिनं ओळखलंच नाही तर?"

मावशी वडाखाली बसली होती. आई अगदी समोर जाऊन उभी राहिली, तरी ती पलीकडंच बघत राहिली. आईचा चेहरा उतरला.

"शमीम..."

"सुधे! अगं, मग बोल की! मला दिसतंय कुठं?" मावशीनं दोन्ही हात पसरले.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मुलगा परदेशात, घरी ही एकटी, म्हणून ऑपरेशन पुढं ढकलत आलेली. आई तिचा हात धरून हौदाच्या कडेला बसली आणि पाणी कसं पडतंय, मासे किती माजलेत, ते सांगत राहिली. हौदाच्या खालीच दालन आहे, डोक्यावर पाणी असल्यानं भर उन्हाळ्यातही गार. मे महिन्यात दोघी तिथं अभ्यासाला यायच्या.

"आभ्यास हिचा. मी झोपायची," मावशी मला म्हणाली.

"लई घोरायची!" आई म्हणाली. पुण्यात 'लई' म्हटलं की आम्ही हसायचो, म्हणून तिनं तो शब्द कधीच सोडून दिला होता.

जेवायला मावशीनं माझ्यासाठी नान खलिया आणला होता, मटणाचा झणझणीत रस्सा आणि नान. आईसाठी वेगळ्या डब्यात बेसनाच्या वड्या. "मटणाचं भांडं लागलं नाय त्याला," मावशी म्हणाली. वड्या अंदाजानं पाडल्या होत्या, लहानमोठ्या. आईनं एकही उरवली नाही.

संध्याकाळी मावशीला गारखेड्याला तिच्या घरी सोडलं, तर आईनंही आपली पिशवी उतरवली.

"हिचं ऑपरेशन होऊस्तोवर मी इथंच."

"आणि कपडे?"

"हिचे घालते की."

मी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी एकटीच परतले. फोटो पाहिले, तर पाणचक्कीचे मोजकेच. बाकी सगळ्यांत या दोघी, एकमेकींकडं तोंड करून.

काल मावशीचा फोन आला. पट्टी निघाली. पहिलं काय दिसलं, मी विचारलं.

"तुझी आई. लई म्हातारी झालीय गं," ती म्हणाली. "हौदापाशी बोलत हुती तवा मला वाटलं, तशीच आसंल."

मागून आई ओरडली, "तिला आरसा दाखवते, थांब!"