नाकाशेजारची न भरणारी जखम

त्या वर्षी माझा देवीवरचा विश्वास उडाला होता असं म्हणणार नाही, पण तिला माझ्याकडे बघायला सवड नाही, अशी माझी खात्री होत चालली होती. रोज सकाळी नाव घ्यायचो आणि मनात म्हणायचो, ऐकतंय कोण? हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सारं केनवड गाव मला पोथीवाला म्हणून ओळखत होतं. चौथीपर्यंत शिकलेलो, आवाज बरा, म्हणून मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी वाचायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. बाकी दिवस शेतीचे. थोडी कपाशीची पऱ्हाटी, थोडी ज्वारी, बांधाला तूर. घरात मी आणि माझी पत्नी अनसूया. दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या.

माझ्या नाकाच्या उजव्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली, एक गाठ आली होती. सुरुवातीला तुरीच्या डाळीएवढी. रंगानं काळसर, पण उन्हात धरली तर कडेला मोत्यासारखी चमक दिसे. दुखत नव्हती, खाजत नव्हती. उपरण्यानं तोंड पुसलं की तिच्यावरची खपली निघायची, रक्ताचा एक थेंब यायचा, पुन्हा खपली धरायची. चार दिवस वाटायचं भरली, पाचव्या दिवशी पुन्हा उघडी. असं दीड वर्ष चाललं. बाजारात एका वैदूनं कसलीशी जाळणारी पूड लावून दिली. तिच्यानं आठ दिवस चेहरा सुजला, जाड खपली धरली, आणि ती पडली तेव्हा मध्ये खळगा आणि भोवती वर आलेली कड दिसली. मग मी देवीचा अंगारा आणून त्या खळग्यात भरू लागलो. सकाळ-संध्याकाळ. जखम काही हटली नाही.

गावात तो शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नाही. पण श्रावणात पोथीला बसलो तेव्हा पुढच्या ओळीतली माणसं हातभर मागे सरकून बसली होती. दुसऱ्या आठवड्यात देवळाचे पंच घरी आले. ओट्यावर न टेकता उभ्या उभ्याच म्हणाले, “यंदा जरा आराम करा भाऊ. घसा थकला असंल तुमचा.” माझा घसा ठणठणीत होता. त्यांना महारोगाचं भय वाटत होतं, हे मला कळलं आणि मला कळल्याचं त्यांनाही कळलं. मी मान हलवली. त्या दिवसापासून मी माझं ताट-तांब्या वेगळं केलं.  अनसूया ते ताट बाकीच्या भांड्यांतच घासायची आणि परत त्याच ढिगात ठेवायची. मी रोज ते शोधून वेगळं काढायचो. आमचं एवढंच भांडण, तेही बिनशब्दांचं.

थंडी पडू लागली, पऱ्हाटीची पहिली वेचणी झाली, आणि मी ठरवलं की घर सोडायचं. दूर कुठं महारोग्यांसाठी आश्रम आहे असं ऐकलं होतं. वाशीमला जाऊन आगगाडीत बसायचं, विचारत विचारत पोचायचं. अनसूयेला सांगितलं, वाशीमला काम आहे, दोन दिवसांत येतो. तीस वर्षांच्या संसारात तिच्याशी एवढं मोठं खोटं मी कधी बोललो नव्हतो. तिनं भाकरी बांधून दिल्या. माझ्या दोन दिवसांच्या कामाला तिनं चार दिवसांच्या भाकरी दिल्या, हे पुढे वाटेत गाठोडं उघडलं तेव्हा लक्षात आलं.

फाट्यावर ओळखीची बैलगाडी भेटली. गाडीवाला थांबला, माझ्या तोंडाकडे त्यानं पाहिलं, आणि म्हणाला, “भाऊ, गाडीत बायामाणसं हायेत. तुमी मागून या.” गाडीत कापसाच्या गाठोड्यांशिवाय काही नव्हतं. मी बरं म्हणालो. उपरणं तोंडावर ओढून रिसोडची वाट पायी धरली. तेव्हा मनात फार कडू आलं. आज मात्र त्या गाडीवाल्याचा मला जराही राग येत नाही. त्यानं मला बसवून घेतलं असतं तर मी रिसोडला न उतरता थेट पुढे गेलो असतो.

दुपार कलली तेव्हा रिसोडला पोचलो. पायाला फोड आलेले. देवीच्या देवळापुढच्या झाडाखाली सावलीत बसावं, दर्शन घेऊन पुढे निघावं असा विचार केला. पण तिथं जत्रेसारखा गलका. पोरंसोरं घेतलेल्या बाया ओळीनं बसलेल्या, लेकरं रडताहेत, आणि एका खाटेवर डबी-सुया मांडून सरकारी टोचणारे बसलेले. आमच्याकडे त्यांना देवीडॉक्टर म्हणत, कारण ते देवीच्या रोगाची लस टोचत. हे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते, मेंदी लावलेली दाढी, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. लोक त्यांना खाँसाहेब म्हणत होते.

मी गर्दीपासून लांब, देवळाच्या भिंतीशी बसलो. देवीला एवढंच म्हणालो की, आई, मी चाललो; आता तुला काही मागत नाही. मागून मागून थकलो होतो. खरं सांगायचं तर ती शरणागती नव्हतीच. रुसवा होता तो.

पोरं टोचून झाली, गर्दी पांगली. खाँसाहेब हात धुताना माझ्याकडे बघत होते. मग तिथूनच त्यांनी हाक मारली, “ओ भाऊ, तोंड काहून झाकून बसले? इकडं या.”

मी म्हणालो, “जवळ नका येऊ साहेब. मले मोठा रोग हाय.”

“कोन म्हनते?”

“सारे म्हनतात.”

“साऱ्यायले डॉक्टरी कधीपासून याले लागली?” असं म्हणत ते स्वतःच उठून आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि उपरणं बाजूला करून त्यांनी माझ्या चेहऱ्याला हात लावला. उघडा हात. तीन-चार महिन्यांत मला कुणी शिवलं नव्हतं. मीच कुणाला शिवू दिलं नव्हतं. त्यांची बोटं गार होती, नुकतीच धुतलेली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तसे ते म्हणाले, “रडू नका, मले नीट दिसून नाई राह्यलं.”

ओल्या कापसानं त्यांनी सगळा अंगारा पुसून काढला. अंगठ्यानं आजूबाजूचं कातडं ताणून चष्म्याच्या काचेतून बराच वेळ पाहिलं. ताणल्यावर ती मोत्यासारखी कड उठून दिसत असावी, कारण ते स्वतःशीच हुं म्हणाले. मग मला डोळे मिटायला लावून कापसाची वात करून जखमेभोवती हलकेच टेकवू लागले. “लागलं की सांगा.” मी सांगत गेलो: आता वर, आता नाकाकडे, आता गालावर. मग हातावर, पायावर. शेवटी सुईचं टोक गालाला टोचलं आणि मी आई गं म्हणून ओरडलो.

ते मोठ्यानं हसले. “दुखलं? बहोत अच्छा! भाऊ, महारोगात कातडं मुकं होते. तुमचं तं चांगलं बोलून राह्यलं. अंगावर चट्टा नाई, बोटं नीट. हा महारोग नाई.”

मग हे आहे काय, ते मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. मोठ्या लढाईत ते इराककडच्या बसऱ्याच्या फौजी दवाखान्यात मदतनीस होते. तिथं एका गोऱ्या साहेबाच्या नाकावर अशीच जखम त्यांनी रोज बांधली होती. गोऱ्यांना ही फार होते, आपल्यात क्वचित. ती सावकाश कुरतडत जाते, आपणहून भरत नाही, पण वेळेत कापून काढली तर माणूस बरा होतो. “मी काई डॉक्टर नाई. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात जा. पन उशीर करू नका, डोळ्याकडं चाल्लं हे.” त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. उठताना माझ्या गाठोड्यावरची अंगाऱ्याची पुडी त्यांना दिसली. म्हणाले, “हा कपाळाले लावा. जखमेले नका लावू.”

मी देवळात गेलो. काय बोललो आठवत नाही. रात्री तिथंच ओवरीत झोपलो.

दुसऱ्या दिवशी घरी परतलो तर अनसूया दारातच उभी. सगळं सांगितलं, आश्रमाचं सुद्धा. ती आधी रडली आणि मग चिडली. “खोटं बोलून गेल्ते तुमी. मले काय कळलं नव्हतं? देवीनं खरं सांगून वापस धाडलं. आता मी एकट्याले कुठी जाऊ देत नाई.” त्या रात्री मी माझं ताट वेगळं काढलं नाही.

वाशीमला आगगाडीत बसून आम्ही दोघं अकोल्याला गेलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, भिंगातून जखम पाहिली, गळ्याखाली आणि कानामागे चाचपून कुठं गाठी नाहीत ना ते बघितलं. म्हणाले, “टोचणाऱ्यानं बरोबर ओळखलं. याला रोडंट अल्सर म्हणतात. रोडंट म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा प्राणी.” हा कातड्याचा कॅन्सरच, पण त्या जातीतला सर्वांत संथ, असं त्यांनी समजावलं. तो अंगात इतरत्र सहसा जात नाही, मात्र आहे तिथं खोल उतरत राहतो; आणखी वर्षभर थांबलो असतो तर डोळा गेला असता. मुंबईला रेडियम लावून जाळतात, पण इतक्या लहान जखमेला कापणं पुरे. कडेचं थोडं चांगलं कातडंही काढावं लागेल, नाहीतर मूळ राहून पुन्हा उगवेल. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवतील, म्हणजे शंका राहणार नाही.

कापायचं ठरलं. टेबलावर झोपवलं, डोळ्यांवर कापड टाकलं, गालात सुई देऊन जागा बधिर केली. मी जागाच होतो. मनात ठरवलं होतं की सारा वेळ पोथीतले अध्याय म्हणायचे. इतकी वर्षं वाचलेली पोथी, पानं पाठ, आणि त्या घडीला मला एक ओवी आठवेना. कात्रीचा आवाज ऐकू येत होता, कानाकडे काहीतरी ऊन ओघळत होतं. मी नुसतं आई, आई करत पडलो. आणि मग कधीतरी तेही थांबलं. हात सैल पडले. डॉक्टरांचा हात आहे, वर तिचा आहे, आपण मध्ये कशाला काही धरून बसायचं, असं काहीसं वाटलं. रिसोडला मी रुसून जे बोललो होतो की काही मागत नाही, ते त्या टेबलावर खरोखर घडलं.

गालाचं कातडं ओढून त्यांनी खळगा झाकला आणि शिवला. आठवड्यानं टाके काढले. तुकड्याचा तपास आला: रोग तोच, आणि काठापर्यंत सगळा निघालेला. अनसूयेला मी हे सांगितलं तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली आणि म्हणाली, “भूक लागली मले.” दहा दिवसांत ती नीट जेवली नव्हती. आम्ही तिथंच पायरीवर बसून, एकाच फडक्यावर, भाजी-भाकर खाल्ली. इतकं चवीचं जेवण मला दुसरं आठवत नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला या, एवढं बजावून डॉक्टरांनी सोडलं. मी नेमानं जात राहिलो. जखम पुन्हा आली नाही.

पुढच्या हिवाळ्यात खाँसाहेबांना भेटायला रिसोडला गेलो तर टोचायला दुसरेच गृहस्थ आलेले. खाँसाहेबांची बदली मंगरुळपीरच्या बाजूला झाली होती. शोधत शोधत आसेगावला ते सापडले. तशीच खाट, तशीच रडणारी लेकरं. मी पाया पडायला वाकलो तसे ते गडबडून मागे सरले. त्यांनी मला ओळखलंच नाही. मी सारी हकीकत सांगितली. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, व्रण पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, “वा, काय साफ हात हाय डॉक्टरचा!” मग ओशाळून, “माफ करा भाऊ, मले याद नाई. रोज किती तोंडं पाहतो मी.”

मी क्षणभर हिरमुसलो. माझा सारा जन्म ज्या दुपारी फिरला, ती दुपार त्यांच्या लेखी एक साधी दुपार होती. पण तेवढ्यात ओळीतल्या एका बाईनं, तिची माझी ओळख ना पाळख, कडेवरचं लेकरू माझ्या हातात दिलं. “बुवा, धरा बरं याले, याची बाही वर कराची हाय.” माझ्या तोंडाकडे तिनं पाहिलंही असेल, नसेलही. लेकरानं माझ्या नाकाला हात घातला. मी त्याचा दंड धरून ठेवला, खाँसाहेबांनी टोचलं, ते रडलं, आणि मी त्याला खांद्यावर घेऊन थोपटत राहिलो.

तेव्हा मला उमगलं ते एवढंच. कृपा ज्याच्या हातून येते, त्याला ती देत असल्याचं ठाऊक असायलाच हवं असं नाही, आणि ज्याला मिळते त्यानं ती ओळखून मागितलेली असावी असंही नाही. मी दीड वर्ष तिला सांगत होतो की जखम अशी बरी कर, तशी बरी कर. सांगणं थांबवलं, आणि तिनं आपल्या रीतीनं केलं. आता नाव घेताना ऐकतंय कोण, असा प्रश्न पडत नाही. त्या दिवशी आसेगावला संध्याकाळपर्यंत मी लेकरंच धरत बसलो होतो.