महिला कक्षाची किल्ली

आज आमच्या लातूरच्या डाळ मिलमध्ये 'महिला कक्षा'चं उद्घाटन झालं. नवं संडास-बाथरूम, आरसा, पंखा! ऑफिसच्या मोठ्या मॅडमनी भाषण ठोकलं, "बाई म्हणून आपण सगळ्या एकच." डाळ निवडणाऱ्या बायकांना पुढं उभं करून फोटो काढले. फोटो होताच मॅडमनी कुलूप घातलं.

डाळ निवडणाऱ्या शांताबाईंनी विचारलं, "आमी कुठं जायचं वो?"

"रोजच्यासारखं गोदामामागं. तुमच्या वस्तीतल्या बाया आत आल्या की घाण होते."

शांताबाई म्हणाल्या, "सकाळी धुऊन दिलं तवा चाललो की आमी!"

थू असल्या एकीवर! आणि माझ्यावरही. मी ऑफिसातली कारकून, दुसरी किल्ली माझ्याच पर्समध्ये होती, आणि मी ती बाहेर काढली नाही.

तुमच्या ऑफिसात झाडणारी बाई कुठं जाते? कधी विचारलंय?