माझ्या बहिणीचे उपास

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तरी वाडीत माझ्या शब्दाला मान होता, आणि त्यातला अर्धा माझ्या थोरल्या बहिणीमुळे. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतली. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. पुढे पुढे उरलेल्या दिवशीही तिचा काहीतरी नेम निघायचाच. अंगावर नुसती हाडं. बायका तिच्या पाया पडायच्या. गेली तेव्हा लोक म्हणाले, देवमाणूस गेलं.

माझी मधली मुलगी तिच्याच कुशीत वाढली. आत्या गेल्यावर तीही 'उपास आहे' म्हणून ताट सारायला लागली. मला बरंच वाटलं. आत्यावर गेलीय, असं चारचौघांत सांगायचो. मग एक दिवस विहिरीवर चक्कर येऊन पडली. मुंबईला मेव्हण्याकडे नेली, इस्पितळात ठेवली. गिरण्यांच्या संपानंतरची ती वर्षं. मेव्हण्याच्या घरी चूल धड पेटत नव्हती, आणि माझी पोरगी पुढ्यातलं अन्न नको म्हणत होती.

तिला घरी आणल्यावर इस्पितळातली डॉक्टरीण आमच्याकडे वाडीत आली. म्हणाली, "हा न खाण्याचा आजार घराण्यात उतरतो का, ते आम्ही शोधतोय. घरातल्या सगळ्यांचं थोडं रक्त हवं, माहिती हवी."

"त्यानं ही बरी होईल?"

"खोटं सांगणार नाही. लगेच नाही. पण हा तिचा हट्ट नव्हे, एवढं तुम्हाला कळलं तरी तिला बळ येईल."

"आमच्या घराण्यात असला आजार नाय."

बाईंनी कागदावर आमचं घराणं काढलं होतं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. आजारी माणसाचा काळा. तसा एकच गोल, माझ्या मुलीचा.

बायको दाराआडून म्हणाली, "अहो, वन्संनी तरी कधी पोटभर खाल्लंनी?"

"तू गप! ती उपास करायची."

"देव तरी एवढे उपास मागतो काय?"

मुलगी पडवीत खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "आत्येला भूक लागायची, बाबा. पण घास घेतला की भीती वाटायची. मला सांगायची ती. उपास म्हटलं की कोण विचारत नाय, म्हणायची."

"मेलेल्या माणसावर बोलतेस?" मी ओरडलो.

"मी जिती आहे. माझ्यावर बोलता, ते चालतं?"

बहिणीचं नाव मी जन्मभर मिरवलं होतं. ते आजारात घालायचं म्हणजे माझीच मान खाली. पण कागदावरचा तो एकटा काळा गोल मला बघवेना.

"बहिणीचा पण काळा करा," मी म्हटलं. "पण तिला आजारी म्हणायचं नाय."

"मग काय म्हणू?"

मी बाही वर सरकवली.

रक्त काढून बाई गेल्या. बायकोनं पेज आणलीन. मुलीनं वाटी हातात धरलीन, बराच वेळ धरलीन.

"जात नाय, बाबा," म्हणाली.

रोज मी ह्यावर आरडाओरड करायचो. त्या दिवशी तिच्यासमोर बसून राहिलो. पेज निवून गेली.