गार्डमामांनी निवडून दिलेली दुर्बीण

गार्डमामा कुणाशीही बोलू लागले की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. स्टेशनमास्तरांशी बोलताना, माझ्या आईजवळ निरोप ठेवताना, बाजारात वांगी निवडतानासुद्धा. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला डोळा मारतो आहे. आमच्या सौंदड गावच्या बायका आधी पदर सावरून बाजूला व्हायच्या आणि मग ओळख पटली की हसायच्या. 'सवय लागून गेली, बाई. समोर काही दिसलं का नेम धरला जाते,' असं ते सांगायचे. छोट्या लाइनीच्या गाड्यांवर ते गार्ड होते. हातात शिट्टी आणि झेंड्या असल्या तरी डोक्यात कायम बंदूक. शिकारीची नव्हे. उभ्या जन्मात त्यांनी एक चिमणी मारली नव्हती. भिंतीला टेकवलेला कागद, त्यावर कोळशानं काढलेला गोल आणि छर्‍याची बंदूक, एवढंच त्यांचं वेड.

आमचं वावर रेल्वेलाइनीला लागून होतं. धानाच्या लोंब्या भरल्या की पोपटांचे थवे उतरायचे, म्हणून बाबांनी नागपूरहून छर्‍याची बंदूक आणली होती. पाखरं उडवायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा शाळा संपवून घरच्या शेतीत लागलो होतो. मला लहानपणापासून जाड चष्मा. गावात मला 'चष्म्या' हेच नाव पडलं होतं, आणि बंदूक चष्म्याच्या हातात दिली याचं लोकांना हसू यायचं. गाडी सौंदडला पाणी घ्यायला थांबली की गार्डमामा डब्यातून उतरून कुंपणापर्यंत यायचे आणि मी करत असलेला नेमबाजीचा खटाटोप पाहत उभे राहायचे. एकदा मी बांधावर ठेवलेल्या मडक्याच्या खापरीवर नेम धरत होतो. छर्रा भलतीकडेच गेला. ते म्हणाले, 'हात झ्याक आहे तुया. हलत नाही. डोळा तेवढा बेकार आहे. त्याले दुर्बीण लागते.'

माझ्यातलं काही चांगलं आहे, असं घराबाहेरच्या कुणी म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या दिवसापासून मी त्यांच्या गाडीची वाट पाहू लागलो.

बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीसाठी मी आमच्या तळ्यातले शिंगाडे काढून बाजारात विकले. छाती-छाती पाण्यात उभं राहून हिवाळाभर ते केलं. त्या पैशात नवी, दुकानातली दुर्बीण येणं शक्य नव्हतं. गार्डमामांनी तोड काढली. जबलपूरला लढाईतून उरलेला माल विकणारे कबाडी होते, त्यांच्याकडे जुन्या दुर्बिणी मिळायच्या. सुट्टी काढून ते मला घेऊन गेले. गोंदियाहून छोट्या गाडीनं दिवस गेला, आणि त्या सगळ्या वाटेनं ते मला शिकवत राहिले.

त्यांची एक ठाम समजूत होती की दुर्बीण डोळ्यानं निवडायची नसते, धक्क्यानं निवडायची असते. 'मोठी बंदूक मागं धक्का मारते. छर्‍याची बंदूक मागंही मारते न् पुढंही मारते. आत इस्प्रिंग हाय ना. मोठ्या बंदुकीची भारी दुर्बीण तिच्यावर लावली का आतली तार तुटून जाते. लोक पैसा टाकून भारी घेतात न् मग रडत बसतात.' शिवाय फार मोठं दाखवणारी दुर्बीण घ्यायची नाही, कारण तिच्यात गोलही मोठा दिसतो आणि आपल्या छातीची धडधडही. चौपट दाखवणारी पुरे.

कबाड्यानं आमच्यापुढे पितळेची चकचकीत, हातभर लांब दुर्बीण ठेवली. मी तिच्यावरच भाळलो. गार्डमामांनी ती उचललीसुद्धा नाही. 'वह जो कोने में काली पड़ी है, दोनों दिखाओ,' ते म्हणाले. दोन आखूड काळ्या दुर्बिणी होत्या, अगदी जुळ्या. त्यांनी एकेक धान्याच्या पोत्यावर टेकवली, समोरच्या मशिदीच्या कळसावर आतल्या तारांची फुली आणली आणि नळीवर बोटानं टिचक्या मारल्या. मग मला पाहायला लावलं. एका दुर्बिणीतली फुली टिचकीबरोबर कळसावरून घसरली. दुसरीतली जागची हलली नाही.

'कोणती घेतं?' त्यांनी विचारलं.

'न हलणारी.'

'मंग तुले शिकवाचं काही उरलं नाही,' असं म्हणून ते इतके खूश झाले की परतताना नैनपूरला त्यांनी मला जिलबी खाऊ घातली. तिथल्याच त्यांच्या ओळखीच्या फिटरनं बंदुकीवर दुर्बीण बसवायच्या कड्या करून दिल्या.

पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष. ड्यूटी नसली की गार्डमामा यायचे आणि आम्ही तळ्याच्या पाळीवर कागद लावून बसायचो. 'श्वास अर्धा सोड, अर्धा ठेव,' हे सांगताना ते आपला हात हवेत हळू खाली आणायचे, झेंडी उतरवतात तसा. गावातले लोक बसून पाहू लागले. माझं 'चष्म्या' हे नाव हळूहळू मागं पडलं. दसऱ्याला आईनं नांगर, विळे, कुदळी यांच्याबरोबर बंदूकही पुजली आणि दुर्बिणीला हळदकुंकू लावलं. नळी मी पुसली, पण बाजूच्या स्क्रूच्या खाचेत गेलेलं कुंकू तसंच राहिलं.

त्या हिवाळ्यात गोंदियाला प्रदर्शन भरणार होतं. त्यात छर्‍याच्या बंदुकीची स्पर्धा होती, दुर्बीण चालणार होती आणि पहिला येईल त्याला नागपूरच्या नेमबाजी शिबिरात पाठवणार होते. बाबा एरवी अशा गोष्टींना नाद म्हणायचे. पण ते म्हणाले, 'जा बापा. पाहू तं दे लोकायले.'

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात गार्डमामांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. 'दव खाल्लं हिनं. आत वाफ धरून राह्यली. गोंदियाले घड्याळवाल्याकडून साफ करून आणतो. तू बंदूक घेऊन ये, मैदानावरच लावून देतो.' मला काही वाफ दिसली नव्हती. पण ते म्हणाले म्हणजे असणारच. मी कड्या सैल केल्या आणि दुर्बीण फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

मैदानावर त्यांनी स्वतः ती बसवली. सरावाचे छर्रे बरे पडले. मग खरी फेरी सुरू झाली आणि प्रत्येक छर्‍याबरोबर माझा नेम सरकू लागला. आधी वाटलं, मी घाबरलो आहे. श्वास धरला, पुन्हा मारलं. छर्रा गोलाच्या बाहेर. मी नळीवर टिचकी मारली. फुली घसरली.

माझ्या शेजारी एका तांदळाच्या मिलवाल्या शेठचा पुतण्या बसला होता. त्याच्या बंदुकीवर तशीच काळी आखूड दुर्बीण होती. तिच्या बाजूच्या स्क्रूच्या खाचेत लाल रेघ होती. मी माझ्या दुर्बिणीचा स्क्रू पाहिला. खाच स्वच्छ होती.

गार्डमामा माझ्या मागं नव्हते. ते त्या पुतण्याच्या मागं उभे होते.

मी उठून पंचांना सांगितलं, 'त्यांच्याकडे आहे ती दुर्बीण माझी आहे. गार्डमामांना विचारा, त्यांनीच निवडून दिली आहे.' माझा त्या क्षणीसुद्धा विश्वास होता की काहीतरी अदलाबदल झाली असेल आणि मामा आता हसून ती नीट करतील. पंचांनी त्यांच्याकडे पाहिलं. गार्डमामांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून उत्तर दिलं, 'एकाच दुकानच्या दोन आहेत, साहेब. सारख्याच दिसतात. ज्याची त्याच्याकडंच आहे. पोरगा घाबरून राह्यला, दुसरं काही नाही.'

लोक हसले. बाबा गर्दीत होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. मी उरलेले छर्रे मारले नाहीत. बंदूक उचलली आणि बाबांबरोबर स्टेशनवर आलो. गाडीत बाबांनी एवढंच विचारलं, 'दुर्बीण तुहीच होती ना?' मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

नंतर सगळं समजलं. गार्डमामा रिटायर व्हायला आले होते. रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागणार होतं. बायको दम्यानं अंथरुणाला खिळलेली, गावी स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. शेठनं मिलच्या आवारात राहायला खोली आणि फाटकावर काम देऊ केलं होतं, पुतण्याला पहिलं आणायच्या बोलीवर. जबलपूरची ती दुसरी दुर्बीण त्यांनी नंतरच्या एका फेरीत जाऊन आणली होती. म्हणजे वाफ धरल्याचं सांगण्याच्या कितीतरी आधी.

काही वर्षांनी बाबांचं वय झालं आणि धान मिलवर नेण्याचं काम माझ्याकडे आलं. नेहमीची मिल बंद होती म्हणून गाडीवान मला न सांगताच त्या शेठच्या मिलकडे वळला. फाटकावर खाकी कोटात गार्डमामा होते. खूप वाळले होते. मला पाहून त्यांनी डावा डोळा मिटला, मग उघडला.

'काऊन केलं मामा?' मी विचारलं. इतक्या वर्षांत मला दुसरं काही विचारायचं नव्हतं.

ते बैलांकडे वळले. 'तुले वावर आहे. तळं आहे. मायबाप आहेत. एक बक्षीस नाही भेटलं तं तुयं काय अडलं? माह्या बुढीले छप्पर लागत होतं.'

'मला सांगितलं असतं. मी बसलोच नसतो स्पर्धेला.'

हे त्यांना सुचलं नसावं. मग ते हळूच म्हणाले, 'जे शिकवलं त्यात तं खोट नव्हती ना, बापू?'

'नाही,' मी म्हटलं. ते खरंच होतं. 'गाडी फिरव,' असं मी गाडीवानाला सांगितलं. फाटकातून गाडी मागं वळताना त्यांनी बैलाच्या शिंगाला धरून वाट करून दिली.

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही. ते गेल्याचं मला कुणीतरी बाजारात सांगितलं, तेव्हा मी हातातली भाजी निवडत राहिलो. लोक म्हणतात, फसवणाऱ्या माणसाची आठवण कडू होते. माझी झाली नाही. मला अजूनही गार्डमामा आठवतात ते नैनपूरच्या फलाटावर, जिलबीचा पुडा माझ्यापुढे धरून, माझ्यापेक्षा जास्त आनंदात. त्या आनंदात तेव्हा काही खोटं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. आणि याच गोष्टीसाठी मी त्यांना अजून क्षमा करू शकलेलो नाही.